बाटलीवरचा आकडा

शिमला, १२ सप्टेंबर

चि. रतिराम यास दयादीदीचे अनेक आशीर्वाद.

आधी नीट बस, मग वाच. तुझ्या मथुराला मलेरिया नाही, स्क्रब टायफस आहे. गवतातला बारीक किडा चावून येणारा ताप. काखेत बिडीनं डागल्यासारखी काळी खपली सापडली. ताप फुफ्फुसात उतरलाय, ऑक्सिजन लावलाय. यावर दोन औषधं आहेत, दोन्ही चांगली. पण आजार इतका वाढल्यावर हे द्यावं, ते द्यावं की दोन्ही, हे डॉक्टरांनाच ठाऊक नाही. म्हणून ते ताडून बघताहेत. कुणाला काय, ते चिठ्ठीनं ठरतं. बाटलीवर नुसता आकडा. दरड कोसळल्यापासून तुझा फोन लागत नाही; डाकवाला दरड पायी ओलांडतो म्हणून पत्र. मथुराला विचारलं, तिनं मान हलवली. कळून की ग्लानीत, देव जाणे. मी सही केली. निर्मूला जप.

तुझी दीदी

टिक्करधार, १४ सप्टेंबर

ती. दीदीस सा. न. वि. वि.

तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? चिठ्ठ्या काढायला ही काय पंचायतीची निवडणूक आहे? दोन औषधं आहेत तर दोन्ही दे म्हणावं. वैद्यकाका म्हणतात, दोन्हींनी काळीज जळेल. मग एकच दे म्हण. पण कुठलं? त्या उतारावर गवत कापायला मीच तिला पाठवलं, मी सफरचंदाच्या पेट्या भरत बसलो होतो. सही खोडून टाक. नको, खोडू नकोस. निर्मू आई कुठे म्हणून विचारते, मी रोज नव्या गावाचं नाव सांगतो. आता गावं संपली.

रागावू नकोस, माया असू दे.

रतिराम

शिमला, १७ सप्टेंबर

चि. रतिरामास आशीर्वाद.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. बाटलीत काय आहे ते त्यांनाही माहीत नाही म्हणाल्या; यातून मथुराचं नाव मात्र कधीही काढून घेता येतं, मग नेहमीचं औषध देतील. काढायला दोनदा उठले, दोनदा बसले. ताप थोडा उतरलाय, धाप तशीच. शेजारच्या खाटेवर किन्नौरची रिगजिन आहे, त्याच दिवशी आलेली, तिलाही आकड्याचीच बाटली. तिचा नवरा पद्मसिंग मला चहा आणून देतो आणि आम्ही दोघं बाटल्यांकडे बघत बसतो. नाव काढलं नाही. चूक की बरोबर, मला विचारू नकोस.

तुझीच,
दया

शिमला, २४ सप्टेंबर

निर्मूच्या बापूंना मथुराचा नमस्कार.

अक्षर वाकडं येतंय, लावून घ्या. ऑक्सिजन निघाला, काल खिचडी खाल्ली. तुमचं पत्र वाचलं, दीदीवर चिडू नका. मान मी कळूनच हलवली होती. निदान आता तरी तसंच वाटतं. गवताला मला कुणी पाठवलं नव्हतं, म्हशीसाठी मीच गेले होते.

परवा रिगजिन गेली. मला काय लागलं, तिला काय, अजून कुणीच सांगत नाही. सगळ्यांचा हिशेब झाल्यावर कळेल म्हणतात. पद्मसिंग तिचं सामान न्यायला आला होता. दीदीनं त्याला आपल्याकडची सफरचंदं दिली, ती त्यानं घेतली. मग माझ्यापाशी येऊन विचारलं, वहिनी, तुम्हाला कुठलं औषध दिलं होतं? मी म्हणाले, भाऊजी, खरंच माहीत नाही. तरी तो उभाच राहिला. मला वाटलं, बरी झाले म्हणून त्याची माफी मागावी.

रस्ता उघडला की न्यायला या.

तुमची मथुरा