उन्हात टाकलेली गादी

मी, रुखमा खुशाल बारसागडे, वय एकाहत्तर, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, राहणार कुरखेडा, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा सरकारी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा त्याबद्दल शंका काढील. मला कोणी भरीस घातलेले नाही. राग आहे; पण राग म्हणजे वेड नव्हे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. गरज वाटली नव्हती.

१. माझे पती कालकथित खुशाल, निवृत्त वनरक्षक, गेल्या पावसाळ्यात वारले. आम्हाला दोन अपत्ये. मुलगी नूतन एटापल्लीला कृषी सहायक आहे. मुलगा धम्मदीप याचे वडसा येथे गाद्यांचे दुकान आहे. दुकानाला सुनेचे, नंदिनीचे, नाव आहे.

२. राहते घर मी माझ्या पगारातून बांधले. ते वडिलोपार्जित नाही. त्यावर जन्माने कोणाचा हक्क नाही. हे घर मी नूतनला देते. अट एकच. मागची खोली सरिता कुमरे हयात असेपर्यंत तिच्याकडे राहील. माझे पती अंथरुणाला खिळले तेव्हापासून त्यांना कुशीवर वळवणे, पुसणे, भरवणे सरिताने केले. तिला त्या खोलीतून काढण्याचा अधिकार नूतनलाही नाही.

३. ओसरीतील मोठी गादी. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बाकीचे सगळे हिच्यावरून ठरले.

पतींना अर्धांगवायू झाला तेव्हा गडचिरोलीच्या डॉक्टरांनी सांगितले, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नसतील तर अंथरूण चांगले हवे. आमच्याकडे कापसाच्या गाद्या होत्या. धम्मदीप स्वतः टेम्पोतून फोमची गादी घेऊन आला. बिल माझ्या नावाने फाडले. बिलाशिवाय वारंटी मिळत नाही, असे त्यानेच सांगितले.

"दहा वर्षं पाहाच नको, आई," तो म्हणाला.

मी दुसरे दुकान पाहिले नाही. मुलाचे दुकान असताना दुसरीकडे कोण जाते?

पहिल्या हिवाळ्यातच ती मधोमध बसली. त्यांचे माकडहाड त्या खळग्यात रुतायचे. धम्मदीपला फोन केला. नवी गादी थोडी बसतेच, तो म्हणाला. पुन्हा केला, तर म्हणाला, बाबांचे वजन एकाच जागी पडते, त्याला गादी काय करील. माकडहाडावरची कातडी आधी लाल झाली, मग गेली.

तेव्हा आम्ही आम्हाला येत होते ते केले. कापसाची गादी बसली की तिला ऊन दाखवायचे, काठीने झोडपायचे. कापूस फुगतो, गादी वर येते. इथल्या प्रत्येक अंगणात हेच चालते. सरिता आणि मी त्यांना खाटेवर घेत असू आणि ती गादी ओढत अंगणात नेत असू. सगळा उन्हाळा. ती वर आली नाही. पिवळी पडली. कडेला बोट लावले की भुगा निघू लागला.

"बाई, हे काऊन नाई फुगून राह्यली?" सरिता विचारायची.

फोमला ऊन चालत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हते. वारंटीच्या कार्डामागे ते बारीक अक्षरांत, इंग्रजीत होते. धम्मदीपला ठाऊक होते. त्या उन्हाळ्यात तो घरी आला, गादी अंगणात पडलेली पाहिली, चहा घेतला आणि गेला.

शेवटी नूतनने कंपनीकडे तक्रार नोंदवली. कंपनीचा माणूस नागपूरहून तपासणीला आला. दुकानदार म्हणून धम्मदीप त्याच्यासोबत. गादी ओसरीत काढून ठेवली होती. त्या माणसाने तिच्यावर आडवी दोरी ताणली, खळग्यात पट्टी उभी धरली. खळगा नियमापेक्षा खोल निघाला. "क्लेम बसतो, काकू," तो म्हणाला. मग त्याने कापडावरून हात फिरवला आणि हा रंग कशाने गेला, ते विचारले. सरिताने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे.

धम्मदीप म्हणाला, "आई उन्हात टाकते ना, साहेब. मी लहानपनापासून पाहून राह्यलो. तिची सवयच हाय ते."

हसून म्हणाला. त्या माणसाने लिहून घेतले. माझे पती आत खाटेवर होते. त्यांना बोलता येत नव्हते. ऐकू येत होते.

नंतर नंदिनीने मला फोनवर समजावले. एका वर्षात क्लेम जास्त झाले की दुकानदाराचे बक्षीस जाते. यंदा बक्षिसात बँकॉकची सहल होती. एवढे सांगितले की माझी समजूत पटेल, असे तिला वाटले. मला समजले.

उन्हाचे कारण देऊन क्लेम फेटाळल्याचे पत्र येण्याआधीच माझे पती गेले. इथे माणूस गेला की त्याचे अंथरूण त्याच दिवशी नदीकाठी नेऊन टाकतात. आम्ही टाकू शकलो नाही. अंतिम निर्णय होईपर्यंत माल जपून ठेवावा, अशी कंपनीची सूचना होती. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली माणसे ओसरीत त्या गादीला वळसा घालून बसली. धम्मदीपही तिच्यापासून लांबच बसला.

पत्र आल्यावर मी शिवण उसवली. वर बोटभर चांगला फोम. खाली रंगीबेरंगी तुकडे, चिकटवून दाबलेले. माहितीपत्रकात सलग फोम लिहिले होते. धम्मदीप म्हणाला, माल सीलबंद येतो, आत काय आहे ते त्याला कसे कळणार. हे मला पटले. माझी तक्रार आतल्या मालाबद्दल नाही.

माझ्या मागे ही गादी धम्मदीपच्या दुकानात पोचवावी. टेम्पोचे भाडे माझ्या खात्यातून द्यावे. ती कुठे टाकायची, ते त्याने ठरवावे.

४. बँकेतील ठेवीपैकी अर्धी सरिताला. उरलेल्या अर्ध्यातून हवेच्या गाद्या घेऊन गावातल्या बुद्धविहारात ठेवाव्यात. पंपावर चालतात, आळीपाळीने फुगतात, पाठीवरचा भार एका जागी राहू देत नाहीत. ज्याच्या घरी माणूस अंथरुणाला खिळला असेल, त्याला जात आणि पत न विचारता न्यायला द्याव्यात. परत आल्या की पुसून पुढच्याला द्याव्यात. अशी गादी असते, हे मला पती गेल्यानंतर दवाखान्यात कळले. ज्याचा धंदाच गाद्यांचा, तो बोलला नव्हता.

५. ही खरेदी नूतनने करावी. धम्मदीपच्या दुकानातून करू नये. कोणत्याच नातेवाइकाच्या दुकानातून करू नये. तिथे प्रश्न विचारायची लाज वाटते. पुढे घरासाठी साधी गादी घ्यायची झाली तर दुकानातच तिच्यावर आडवे व्हावे, कुशीवर वळावे, लोक बघतात म्हणून लगेच उठू नये. चेन उघडून आत पाहावे. चेन नसेल तर का नाही, ते विचारावे. फोमची घनता बिलावर लिहून घ्यावी. तोंडी सांगितलेली घनता धरू नये. वारंटीचे कार्ड मागच्या बाजूने वाचायला घ्यावे. पुढे फक्त वर्षे असतात. किती खोल खळगा धरतात, खाली फळीचा पलंग लागतो की खाट चालते, डाग पडला तर काय, ऊन लागले तर काय, हे सगळे मागे असते. समजले नाही तर पैसे देण्याआधी विचारावे. नंतर विचारणाऱ्याला दुकानदार ओळखत नाही, मग तो कोणीही असो.

६. माझी पुस्तके शाळेला. कुलूपबंद कपाटात ठेवणार असतील तर देऊ नयेत.

७. मी कापसाच्या गादीवर झोपते. मी गेल्यावर माझे अंथरूण त्याच दिवशी टाकावे. कोणाच्या पत्राची वाट पाहू नये.

८. धम्मदीप. इथवरचा कच्चा मजकूर वाचून नूतन म्हणाली, "आई, त्याले काहीच नाई देनार का? भाऊ हाय तो माह्या."

देते.

माळ्यावर निळ्या पट्ट्यांची लहान कापसाची गादी आहे. धम्मदीप पाचवीत जाईपर्यंत रात्री अंथरूण ओले करत असे. शाळेची मुले रस्त्याने जायच्या आत मी ती गादी उचलून परसात, कुंपणाच्या आडोशाला उन्हात टाकत असे. पावसाळ्यात चुलीपाशी वाळवत असे. शेजारणी विचारत, तेव्हा माझ्या हातून पाणी सांडले, असे सांगत असे. त्या हसत, म्हणत की बाईच्या हाताला भोक आहे. मी हसू देत असे. धम्मदीप दारामागून बघत उभा राहायचा. लहानपणापासून पाहत आलो, हे त्याचे म्हणणे खरे आहे.

हे मी त्याच्या वडिलांखेरीज कोणाला सांगितले नव्हते. नूतनलाही आजच कळते आहे. हे मृत्युपत्र वाचले जाईल तेव्हा सर्वांना कळेल. त्याने ओसरीत माझे सांगितले. मी इथे त्याचे सांगितले.

ती गादी मी धम्मदीपला देते. दर उन्हाळ्यात तिला ऊन दाखवले आहे. अजून बसलेली नाही. तिला वारंटी नाही.

वरील सर्व व्यवस्था नूतनने पाहावी. कोणी कोर्टात गेल्यास कलम तीन आणि आठ मोठ्याने वाचून दाखवावे.

ठिकाण: कुरखेडा
दिनांक: ९ जानेवारी २०२५

(सही) रुखमा खुशाल बारसागडे

रुखमाबाईंनी हा मजकूर आम्हा दोघांना स्वतः वाचून दाखवला, आमच्या देखत सही केली, आणि त्यांच्या देखत आम्ही सही करीत आहोत. यात आम्हाला काही मिळायचे नाही.

साक्षीदार:
१. (सही) मुखरू दोनाडकर, निवृत्त पोस्टमास्तर, कुरखेडा
२. (सही) लालसू मडावी, शिक्षक, कुरखेडा