बंकरचा फोटो आणि दहीभात

इंदिरानगर, नाशिक
भाद्रपद शुद्ध द्वादशी

तीर्थस्वरूप इंदिराताईस,

धाकट्या ढुंढिराजचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, सिन्नरची हवा आणि भावजींचा रेडिओ ही तिन्ही नीट चालू असतील अशी आशा करतो (तिसरा बंद पडला असेल तर तुझं अभिनंदन). इकडे मी आणि मीना खुशाल. तासाभराची एसटी असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला गप्प करतेस आणि समोर आलो तर पहिल्याच. पत्राला मात्र शेवटपर्यंत बोलू द्यावं लागतं. विषय त्र्यंबककाकांचा आहे. फाडू नकोस.

तुला सगळं पाठ आहे, तरी मला सुरुवातीपासूनच सांगता येतं. बाबांचे हे थोरले भाऊ एक्केचाळीस साली फौजेत कारकून होऊन मलायात, म्हणजे आताच्या मलेशियात, गेले. एक पत्र आलं (समुद्राजवळ आहे, नारळ पुष्कळ, काळजी नसावी), आणि त्यानंतर ना पत्र, ना तार, ना माणूस. काकू तेव्हा सतरा वर्षांची. पंचाहत्तराव्या वर्षी गेली तेव्हाही तिच्या कपाळाला कुंकू होतं, आणि जाताना तिने तुझ्याकडून वचन घेतलं, की खात्रीची बातमी आल्याशिवाय त्यांचं श्राद्ध करायचं नाही. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांचं आपलं घर. वह्यांत यजमानांच्या सात-सात पिढ्या नोंदलेल्या, परक्यांच्या पणजोबांची तिथी बाबा झोपेत सांगत, आणि सख्ख्या भावाच्या नावापुढे जागा कोरी. दर पितृपक्षात सगळ्यांची पानं वाढली जातात, त्यांचं तेवढं नाही. ते यायचे आहेत, असं तू म्हणतेस. ताई, ते आता एकशे पाच वर्षांचे आहेत.

असो. आधी फोटोग्राफीचं सांगतो. निवृत्त झाल्यावर मीनाने मला घराबाहेर काढण्यासाठी फैजान सरांच्या रविवारच्या वर्गात घातलं. सर मालेगावचे, वयाने माझ्या निम्मे. वीस वर्षं लग्नांचे फोटो काढून माणसांच्या गर्दीला इतके विटले, की आता रिकामेच फोटो काढतात. एक झाड, एक भिंत, बस्स. त्याला मिनिमलिस्ट म्हणतात. जन्मभर कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून एकही रेघ न सोडण्याचा पगार घेतलेल्या माणसाला हे शिकणं म्हणजे म्हाताऱ्याने पोहायला शिकण्यासारखं आहे. माझ्या पहिल्या फोटोत एक झाड, दोन रिक्षा, वडापावची गाडी आणि मीनाचा अर्धा हात होता. सर शांतपणे म्हणाले की, काका, यातून निकालो, मग अजून निकालो. (या पत्रातून काय निकालायचं ते मला अजून कळलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.)

श्रावणात आम्ही लेकीकडे, तेजश्रीकडे क्वालालंपूरला गेलो, हे तुला माहीत आहे. तिथून पूर्वेच्या किनाऱ्यावर गेलो, हे मी तुला सांगितलं नव्हतं. लढाईच्या वेळी तिथल्या वाळूवर सिमेंटचे बंकर बांधले होते. आता कुणी ते पाडत नाही आणि जपतही नाही. मला जो सापडला तो एका अंगाला कलून निम्मा वाळूत गेला होता. आतल्या सळया गंजून फुगलेल्या, भिंतीचे पोपडे सुटलेले, आणि समुद्राकडे बघणारी एक आडवी फट. आपले काका इथेच होते असं मी म्हणत नाही. असे बंकर पुष्कळ आहेत आणि ते कारकून होते, कारकुनाला कोण बंकरमध्ये बसवतं? पण नारळ पुष्कळ होते. ते बघितले आणि मी कॅमेरा तिथेच मांडला, हे कबूल करतो.

अशा जागी सर एक युक्ती करायला सांगतात. भिंगापुढे काळी काच लावायची आणि चार मिनिटं फोटो घेत राहायचं. तेवढ्या वेळात जे जे हलतं ते फोटोत उमटतच नाही. किनाऱ्यावर चेंडू खेळणारी पोरं होती, एक कुत्रं होतं, शहाळीवाला हातगाडी ढकलत चालला होता. सगळे नाहीसे झाले. समुद्रसुद्धा दुधावर साय धरावी तसा सपाट झाला. बंकर तेवढा राहिला. आणि बंकरपुढे, कॅमेऱ्याकडे पाठ करून, हात जोडून उभी असलेली मीना. पायाशी केळीच्या पानावर दहीभात.

मी बटण दाबल्यावर ही बाई डबा घेऊन कधी पुढे गेली, मला कळलंच नाही. वचन तुझं आहे, तिने तुला विचारायला हवं होतं, हे मी तिला सुनावलं आहे. तू पुन्हा सुनावू नकोस. ती सून आहे, काकूच्या हाताखाली वागलेली आहे, तिला राहवलं नसेल.

फोटो सरांना दाखवला. कॉम्प्युटरवर माणूस एका क्षणात पुसता येतो, तो पुसा म्हणतील याची मला खात्री होती. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला. मग कोण, कशासाठी, ते विचारलं. मी सांगितलं. मालेगावचा हा माणूस, जो एरवी चिमणीसुद्धा फोटोत राहू देत नाही, तो म्हणाला, “काका, इनको रहने दो. बाकी सब वैसे भी खाली है.” आता येत्या रविवारी वर्गाच्या प्रदर्शनात तो फोटो लागणार आहे. कुणीतरी तो तुझ्या फोनवर पाठवणारच, म्हणून आधी मी लिहिलं.

भावजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा, नुसती बाटली उशाशी ठेवून उपयोग नाही.

तुझा,
ढुंढिराज

ता. क. फोटो मोठा करून बघितलास तर त्यातल्या माणसाला टक्कल आहे आणि मीनाला नाही, हे तुझ्या लक्षात येईलच. म्हणून सांगून टाकतो. तो मी आहे. मीनाला मी वाऱ्यात ट्रायपॉड धरून उभं केलं होतं आणि ती मागून ओरडत होती की, अहो, फोटोत येताय. जातानाचा आणि येतानाचा मी फोटोत नाही. उभा राहिलो तेवढाच आलो.

ता. क. दुसरा. वचन मोडलेलं नाही. मंत्र म्हटला नाही, पाणी सोडलं नाही, पिंड केला नाही. परगावी असलेल्या माणसाला घरचं जेवण द्यावं तसा भात ठेवला. आणि इतकंच म्हणालो, “काका, काकू गेली. आता वाट बघणारी एक ताईच उरली आहे. तुम्ही निघू शकता का, ते तिला विचारून सांगतो.” तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या असते, ती अठरा दिवसांवर आली आहे. त्यांचं पान वाढू का, ताई? तू नाही म्हणालीस तर तसं त्यांना कळवीन.