टिटवी कोणाकडे जावी याबाबत

मी, तनय चंद्रकांत निपाणीकर, वय बावीस, धंदा रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल बोटींचे शाफ्ट आणि बेअरिंग बसवून देणे, राहणार बसवनगुडी, बेंगळुरू, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. उलट आई नको म्हणत असताना लिहीत आहे. सोमवारी सकाळी माझ्या हृदयाची एक झडप काढून दुसरी बसवणार आहेत. बहुतेक सगळे पेशंट चालत घरी जातात, असं डॉक्टर म्हणाले. मला तो 'बहुतेक' आवडला नाही, म्हणून हा कागद.

१. माझ्या नावावर घर, जमीन काही नाही. बँकेत जे असेल ते आईचं. तिने त्यातून माझे दिवसबिवस घालू नयेत, स्वतःचे दात करून घ्यावेत.

२. छोटा लेथ बाबांना. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मी कॉलेज सोडलं तेव्हा याच लेथकडे बोट दाखवून ते म्हणाले होते, "तुझ्या फीचं हे लोखंड झालं." बाबा, आता लोखंड तुमचं. विकलात तरी चालेल. पण आमच्या सरांनी भर वर्गात माझ्या बोटीला, टिटवीला, खेळणं म्हटलं आणि मी उठून बाहेर पडलो, याचा पश्चात्ताप मला आजही नाही, हे कायदेशीर कागदावर नोंदवून ठेवतो.

३. टिटवी ही माझी बोट, रिमोट, चार्जर आणि स्टँडसह, मैत्रेयी देशमुख हिला द्यावी. ती इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते. गेल्या वर्षी होसकोटेच्या तळ्यावर तिच्या बोटीचा शाफ्ट कोकलत होता, तो मी बघून दिला, तिथून ओळख. गेले दोन महिने ती माझ्याशी बोलत नाही. तरीही बोट तिलाच.

मैत्रेयी, बोट मिळाली म्हणून नुसती पाण्यात सोडू नकोस. मोटरच्या बाजूला बॉल बेअरिंग आहे, स्टेनलेसचं, दोन्हीकडे रबरी सील असलेलं. तिथे तेच हवं, कारण तिथे वेग असतो आणि पाणी कमी. पंख्याच्या बाजूला मात्र गनमेटलचा साधा बुश, म्हणजे शाफ्टभोवतीची नुसती धातूची कडी. दुकानदार तिथेही बॉल बेअरिंग घ्या म्हणेल. ऐकू नकोस. तळ्याचा गाळ सीलच्या आत शिरतो आणि चार फेऱ्यांत गोळ्या दळायला लागतात. बुशला गोळ्याच नाहीत, त्याला ग्रीस पुरतं. मात्र ग्रीस पाण्यात टिकणारं घे, सायकलवाल्याचं नको.

प्रत्येक वेळी घरी आल्यावर शाफ्ट नळीतून पूर्ण बाहेर काढायचा. उद्या काढू म्हणायचं नाही. पुसायचा, नळी आतून पुसायची, ग्रीस भरून शाफ्ट फिरवत आत सरकवायचा. जास्तीचं ग्रीस दुसऱ्या टोकाने बाहेर आलं की पुरे. बॉल बेअरिंग महिन्यातून एकदा बोटावर फिरवून कानाशी धर. गप्प असेल तर चांगलं. रेती चावल्यासारखं वाजलं तर धुवत बसू नकोस, बदल. डॉक्टरांनी माझ्या छातीला स्टेथोस्कोप लावून नेमका तसाच चेहरा केला होता.

त्यांनी विचारलं, धातूची झडप की प्राण्याच्या पेशींची. धातूची टिकते, पण रोज गोळी आणि रक्ताची तपासणी जन्मभर. पेशींची आरामाची, पण काही वर्षांनी पुन्हा छाती उघडायची. मी म्हटलं, धातूची. देखभालीला मी भीत नाही. बाकी कशाला भितो ते इथे लिहीत नाही.

४. श्रीवत्स राव, मैत्रेयीच्या ऑफिसातला, याला एक रुपयाची दोन नाणी, एकावर एक चिकटवून. याचा खुलासा करणं भाग आहे.

टिटवीचा शाफ्ट तारेच्या पिळाचा आहे. मोटर जोर लावते तेव्हा पीळ घट्ट होतो, शाफ्ट आखूड होतो आणि पंखा आत खेचला जातो. म्हणून पंख्यापुढची कॉलर, म्हणजे शाफ्टवर स्क्रूने बसवलेलं कडं, बुशला चिकटवून कसायची नसते. मध्ये दोन नाण्यांइतकी फट ठेवायची. नवख्याला ती फट म्हणजे ढिलाई वाटते. सप्टेंबरच्या शर्यतीला मी बॅटरी आणायला गेलो होतो, तेवढ्यात श्रीवत्सने मदत म्हणून कॉलर सरकवून कसली. अर्ध्या तळ्यात कॉलर बुशवर दाबली गेली, ग्रीस जळलं, बुशने शाफ्ट धरला आणि तो तुटला. मी त्याची कॉलर धरली, शर्टाची, आणि तो चिखलात बसला. तो म्हणतो, फट कधी नव्हतीच, मी हातसुद्धा लावला नाही. मैत्रेयी त्या दिवशी मला म्हणाली, "तुला बोट दिसते, माणूस दिसत नाही." आणि त्याला हात देऊन उठवलं. तो हात मला रोज दिसतो.

मी चुकलो असं मी इथे लिहिणार नाही. ढकलायला नको होतं, एवढंच लिहीन. फट होती.

५. तो तुटलेला शाफ्ट खिडकीपाशी डब्यात आहे. कॉलरचा स्क्रू जिथे कसला जातो तिथे शाफ्टवर खड्डा पडतो; कॉलर सरकवून कसली तर दुसरा पडतो. भिंगातून बघावं. आजवर कोणी बघितलं नाही. शाफ्ट कोणाला द्यावा हे मला ठरवता येत नाही.

सही करण्यापूर्वीची दुरुस्ती:

साक्षीदार म्हणून घरमालक देवाप्पा अण्णा, कोर्टातले निवृत्त कारकून, वर आले. दुसरा साक्षीदार कोण, हा प्रश्न होता. तो अण्णांनी मला न विचारता फोनवर सोडवला होता. त्यांच्या मागून मैत्रेयी आली. ऑपरेशनचं तिला त्या फोनवरच कळलं होतं. तिने उभ्यानेच हा कागद वाचला, मग खिडकीपाशी गेली. बराच वेळ आमच्याकडे पाठ करून होती. मी अण्णांच्या चपलांकडे बघत बसलो.

मग तिने येऊन पेन मागितलं. अण्णा म्हणाले, "स्वल्प थांब, अम्मा. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला सही करू नये. तू सही केलीस तर बोट सोडावी लागेल."

"सोडली," ती म्हणाली. "मला ग्रीसचे हात नकोत. त्याची बोट त्याने काढावी, पुसावी, भरावी. सही कुठे करायची?"

अण्णांनी जागा दाखवली. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक.

सबब कलम ३ मधली देणगी मी स्वतःच्या हाताने रद्द करत आहे. देखभालीच्या सूचना कायम. टिटवी आजपासून कोणालाच दिलेली नाही. तिचा नवा शाफ्ट बाहेर काढून पुसून ठेवला आहे. ग्रीस भरायचं राहिलं आहे. ते काम माझं.

कलम ४ मधली नाणी मात्र श्रीवत्सला द्यावीतच.

हा कागद मी वाचला, मला समजला, आणि दोघांच्या देखत सही केली.

तनय चंद्रकांत निपाणीकर
बसवनगुडी, बेंगळुरू
१४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:

१. देवाप्पा हिरेमठ. सही माझ्यासमोर झाली. मुलगा शुद्धीत आहे, डोकं गरम आहे.

२. मैत्रेयी देशमुख. सही माझ्यासमोर झाली. डब्यातला शाफ्ट भिंगातून पाहिला. स्क्रूचे खड्डे दोन आहेत, मध्ये दोन नाण्यांचं अंतर आहे.