एकही नवी चीर नाही

ती. आईस,
तुझे पाय समोरच आहेत असं समजून लांबूनच वाकतो.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस.

मी ज्या चित्रांच्या संग्रहालयात पहारा देतो, तिथलं प्रदर्शन दर तीन महिन्यांनी बदलतं. या वेळी माझ्या दालनात शेंगा सोलणाऱ्या एका म्हातारीचं चित्र होतं. तुझ्यासारखीच, कामातून मान वर न काढणारी. कुणी फार जवळ गेलं की मी खेकसायचो. सोबतचे मला 'म्हातारीचा जावई' म्हणायचे.

काल ते चित्र उतरवलं. चित्र येतं तेव्हा त्यावरची प्रत्येक चीर कागदावर लिहून ठेवतात आणि परत पाठवताना बॅटरी मारून ताडून बघतात. जुन्या चिरा अकरा, नवी एकही नाही. संग्रहालयाच्या मोठ्या बाईंनी माझी पाठ थोपटली.

आणि संध्याकाळी दादाचा फोन. तू न्हाणीत पडलीस, त्याला पंधरा दिवस झाले म्हणे! मला मात्र रोज 'ठणठणीत आहे' सांगत होतीस. प्लास्टर कधी निघणार? कूस बदलायला हात कोण देतं? वहिनी एकटी कुठे कुठे पुरणार?

रजा मागितली. नवं प्रदर्शन लागेपर्यंत नाही म्हणाले. भांडूनही पाहिलं. आता रिकाम्या भिंतीतली खिळ्यांची भोकं बुजवत बसलोय.

आई, कोण कुठल्या त्या म्हातारीला तीन महिने मी ओरखडासुद्धा येऊ दिला नाही गं.

तुझा,
धाकटा