निरंक

बाई, तुम्ही कापून दिलेली पट्टी अजून माझ्याकडे आहे. तुमच्या भाचीच्या लग्नपत्रिकेची, जाड पुठ्ठ्याची, मधोमध पुस्तकातली एकच ओळ दिसेल एवढी खिडकी पाडलेली. कोपऱ्यातलं कुंकू कधीच पुसट झालंय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आणि पान उघडलं की ज्याला सगळ्या ओळी एकमेकींत घुसलेल्या दिसायच्या तो तुमचा विद्यार्थी घाटकोपरच्या एका शाळेत नववीचा वर्गशिक्षक आहे. गणित शिकवतो. मराठी शिकवायला दिलं असतं तर पहिल्या आठवड्यातच माझी वाट लागली असती.

अजून डोळ्यांसमोर येतं, मुलुंडच्या तुमच्या तळमजल्यावरच्या घरात मी ओट्याजवळ पाटावर बसलोय. मांडीवर आठवीचं पुस्तक आहे. तुम्ही पोळ्या लाटताय. मी पट्टी खाली खाली सरकवत मोठ्याने वाचतोय आणि अडलो की तुमचं लाटणं थांबतं. शब्द तुम्ही सांगत नाही, रागावत नाही, नुसत्या थांबता. मला जमलं की लाटणं पुन्हा सुरू होतं. शेवटच्या गोळ्याची छोटी पोळी करून तुम्ही तूप-साखर लावून माझ्या हातात द्यायचात. वर्गात कुणाला कळू द्यायचं नाही अशी शपथ मी तुम्हाला घातली होती आणि तुम्ही ती पाळलीत. घरी तुमच्या मुलांनासुद्धा तुम्ही सांगितलं होतं की हा गणिताच्या शिकवणीला येतो. खरं तर त्यांचं गणित मीच सोडवून द्यायचो.

एकदाच तुम्ही मला बोललात. वर्गात एक मुलगी धडा वाचताना अडखळली आणि सगळे हसले. सर्वात मोठ्याने मी हसलो. शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत. मला वाटलं, आता हातावर छडी बसणार. तुम्ही वही मिटली आणि म्हणालात, "बाकीचे हसले ते सोड, त्यांना काय ठाऊक! तुला तर माहीत होतं ना रे?" त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा आलो, वाचन झालं, पण छोटी पोळी काही मिळाली नाही. तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता. आता तेच वाक्य मी स्वतःला रोज ऐकवतो.

माझं कसं चालतं ते सांगतो, तुम्ही डोक्याला हात लावाल. जूनच्या पहिल्या दोन दिवसांत हजेरीपटावरची सगळी नावं मी पाठ करतो. शाब्दिक उदाहरणं तोंडपाठ आहेतच. फळ्यावर लिहिण्याआधी "चल, तू वाच बघू" असं म्हणून मुलांकडून वाचून घेतो. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याबद्दल माझं कौतुक केलं, म्हणाले, मुलांना बोलतं करणारे असे शिक्षक हवेत. मी मान खाली घालून हसलो, त्यांना वाटलं विनय. स्टाफरूममध्ये परिपत्रक हातात आलं की माझा चष्मा घरी राहिलेला असतो. बायकोला थोडंफार माहीत आहे. बाकी कुणालाही नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी आली. वडील साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये, आई घरून डबे करून देते, मूळ कोकणातले. पहिल्याच दिवशी मी ओळीने एकेकाला उदाहरण वाचायला सांगत होतो. ती तिसऱ्या बाकावर होती. माझं लक्ष गेलं तेव्हा ती पुढची बाकं मोजत होती. आपल्या वाट्याला कुठलं उदाहरण येणार ते हेरून शेजारणीला कानात विचारून घेत होती आणि ओठांतल्या ओठांत घोकत होती. मधला एक मुलगा पाणी प्यायला गेला, क्रम चुकला, आणि ती उठून म्हणाली, "सर, बाथरूमला जाऊ?" बाई, मीही असंच करायचो. अगदी असंच. मला दुसऱ्या पुराव्याची गरजच नव्हती. तोंडी गणितात तर ती सगळ्यांच्या आधी हात वर करायची, आणि पेपर हातात आला की अर्धा कोरा.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एक विशेष शिक्षिका शाळेत आल्या. तरुण होत्या, चारपाच शाळा एकट्या सांभाळत होत्या. वाचता-लिहिता येण्यात ज्यांना अडचण आहे त्यांची नावं वर्गशिक्षकांनी द्यायची, मग त्या मुलांना तपासणीला पाठवतात, दाखला मिळाला की बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. तुमच्या काळात यातलं काही नव्हतं, तुमच्याकडे फक्त लग्नपत्रिका होती. त्या मला म्हणाल्या, "सर, नक्की नसलं तरी चालेल हो, नुसता संशय आला तरी नाव द्या. कशावरून वाटलं तेवढं मला जरा सांगा." कशावरून ते मी काय सांगणार होतो? मला वाटलं, मी बाकं मोजण्याबद्दल बोलायला लागलो की या बाई माझ्याकडे बघतील आणि त्यांना कळेल. त्यांचं कामच ते होतं. ज्या रकान्यात काही नसतं तिथे आमच्या सरकारी कागदांवर एक शब्द लिहायचा असतो. मी तो लिहिला, निरंक. खाली सही केली. तो शब्द लिहिताना मी आजवर कधी चुकलेलो नाही, इतका घोटलाय.

पुढचं सगळं शिरस्त्याप्रमाणे झालं. आमच्या दहावीचा निकाल शंभर टक्के लागतो आणि त्याचा मोठा बॅनर फाटकावर लागतो. त्यासाठी नववीच्या अखेरीस कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून समजावतात, की शाळेतून नाव काढा, सतरा नंबरचा फॉर्म भरा आणि दहावीला बाहेरून बसवा. समजावायचं काम वर्गशिक्षकाचं. तिची आई डब्यांची पिशवी घेऊनच आली होती. म्हणाली, "सर, ती ढ नाय हो. घरी एकदा सांगितलं की विसरत नाय. वाचायला बसली की मात्र डोकं धरते. काय झालं असेल तिला?" मी म्हणालो, "अभ्यास कमी पडतो. घरी बसून शांतपणे केला तर होईल." ती म्हणाली, "तुम्ही सांगता तर बरोबरच असणार." सही कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवलं.

यंदा मार्चमध्ये ती परीक्षेला बसली आणि तिचं केंद्र आमचीच शाळा आलं. विज्ञानाच्या पेपरला त्या वर्गात पर्यवेक्षक मी. मला बघून ती हसली, "गुड मॉर्निंग सर!" म्हणाली, जशी काही माझ्याच वर्गात बसलीय. प्रश्नपत्रिका दिली. थोड्या वेळाने बाकांमधून फिरताना पाहिलं तर तिने हॉल तिकीट आडवं धरलं होतं आणि त्याची कड ओळीखाली ठेवून एकेक ओळ खाली सरकवत होती. कुणी शिकवलं नव्हतं तिला. स्वतःच शोधून काढलं होतं. बाई, तुमची पट्टी त्या वेळी माझ्या शर्टाच्या खिशात होती, कारण सूचना वाचून दाखवायच्या होत्या आणि त्या मी जिन्याखाली उभं राहून आधी वाचून घेतल्या होत्या. शेवटची घंटा झाली. ती खाली मान घालून लिहीतच होती. "सर, पाचच मिनिटं द्या ना. येतंय मला, दोन प्रश्न वाचायचेच राहिलेत." मी म्हणालो, "वेळ संपली." उत्तरपत्रिका तिच्या हाताखालून ओढून घेतली. नियमाने माझं बरोबरच होतं. नियमाने तर तिला जास्तीचा वेळही मिळाला असता, मी एक नाव लिहिलं असतं तर.

ती दोन विषयांत राहिली. परवा तिची आई पुन्हा आली. डबे घेणाऱ्या एका बाईंनी तिला सरकारी रुग्णालयातल्या तपासणीबद्दल सांगितलं होतं. तिथून मिळालेला फॉर्म तिने टेबलावर ठेवला. मुलगी ज्या शाळेत होती तिथल्या शिक्षकाने भरायचा आहे. फेरपरीक्षेला सवलत मिळाली तर पोरगी सुटेल, म्हणाली. नाही तर जूनपासून पोळ्या लाटायला मदतीला घेईन, तिची आता परीक्षेला बसायची इच्छाच राहिली नाही. ती माझ्यावर चिडली असती तर फार बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्ही तिला ओळखता सर, म्हणून तुमच्याकडेच आले."

तो फॉर्म दोन दिवस माझ्याकडे पडून होता. त्यात विचारलंय, विद्यार्थ्याची अडचण आपल्या लक्षात प्रथम केव्हा आली? आधी मी पेन्सिलीने 'अलीकडे' असं लिहिलं होतं. तुमचं लाटणं थांबलं. खरंच थांबलं, बाई, मला ऐकू आलं. मी ते खोडलं आणि पेनाने लिहिलं, नववीच्या पहिल्याच दिवशी. आता कुणीही विचारू शकेल की मग निरंक का लिहिलंत? विचारू दे. मुख्याध्यापक विचारतील, मी मान खाली घालून ऐकून घेईन, त्याची मला सवय आहे. उद्या सकाळी शाळेचा शिक्का मारून फॉर्म तिच्या आईच्या हातात देणार आहे.

हे पत्र तुम्हाला कुठे पाठवणार? पण इतकं लिहिलंच आहे तर राहिलेलंही सांगून टाकतो. सही करण्याआधी मी पट्टी लावून तो फॉर्म वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. ती अडचण मी कशावरून ओळखली, असं त्यात कुठेही विचारलेलं नाही. ते कळल्यावर मला हायसं वाटलं, बाई.