दोन डावे हातमोजे

ती. वन्संना,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. खरोखर वाकले तर सरळ करायला माणूस लागतं, आणि घरात आत्ता एकच माणूस आहे, ते लिहायला बसलंय.) तुमचे गुडघे काय म्हणतात? माझा उजवा सारखा बोलत असतो, डाव्यानं अबोला धरलाय. हसताना कवळी अजून खाली येते का? येत असेल तर कवळी बदला, हसणं कमी करू नका. इकडे सगळे ठीक. चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करून जगाला वर चढवतोय, स्वतः आहे तिथंच आहे. सूनबाई बरी आहे. नात दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देते आणि हे पत्र तीच लिहून घेतेय. मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, मध्ये शहाणपण घुसडायचं नाही, अशी अट आहे. मला वाचता येत नसलं तरी मी मोठं वाक्य बोलले आणि तिचा हात लगेच थांबला, की मला कळतं काय गाळलं ते.

तुम्ही म्हणाल, फोन असताना हिला पत्राचं काय सुचलं? फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्यालाच "बरं बरं, ठेवते हं" म्हणता. आणि व्हॉइस मेसेज कुठे जाऊन पडेल त्याचा नेम नाही. पत्र बिचारं ज्याचं नाव त्याच्याच घरी जातं. म्हणून पत्र. आता चहा घेऊन बसा, कारण मी काही थोडक्यात सांगणारी नाही, आणि हे तुम्हाला माझ्या लग्नापासून ठाऊक आहे.

तर माझ्या फोनवर एक विणकामाचा ग्रुप आहे. बाकीच्या बाया लिहितात, मी बोलते. माझ्यासारखीच बोलणारी अजून एकच निघाली. तिला मी लोकरमावशी म्हणते. वर्षभर आम्ही रोज बोलतोय. तिच्या सुनेपासून तिच्या सायटिकापर्यंत मला सगळं पाठ. फक्त तोंड पाहिलेलं नव्हतं. व्हिडिओ कॉल केला नाही असं नाही, खूप केले. पण दोघींनाही फोन धरता येत नाही. तिला माझा पंखा दिसायचा आणि मला तिचा. तिच्या पंख्याच्या एका पात्याला डाग आहे, तो मी शंभर पंख्यांत ओळखेन. पण घरात सांगितलं, की मी लोकरमावशीला भेटायला जाणार, तर चिरंजीव म्हणतो, "आई, तू पंख्याला ओळखतेस, बाईला नाही." मी म्हटलं, तुझ्या बापाचा तर मी लग्नाआधी पंखासुद्धा पाहिला नव्हता. (हे लिहिताना नात हसली. म्हणजे लिहिलंय.)

पण नात हसण्यावर नेणारी नव्हे. तिच्या दवाखान्यातली एक मुलगी अशीच एका ऑनलाइन दोस्ताला भेटायला गेली होती. तो फोटोपेक्षा दुप्पट वयाचा निघाला आणि "गाडीत बस, घर दाखवतो" म्हणून हाताला धरायला लागला. पोरगी ओरडली, लोक जमले, म्हणून सुटली. तेव्हापासून नात या बाबतीत हवालदार झालीय. मला म्हणाली, जायचं तर दिवसाढवळ्या, माणसांच्या गर्दीत, तिच्या घरी नाही आणि तिला आपल्या घरी बोलवायचं नाही. जायचं आपल्या गाडीनं, यायचं आपल्या गाडीनं. तिनं पुढे केलेलं काही प्यायचं नाही. आणि पोटात जरा जरी गोळा आला, तरी भिडेखातर बसून राहायचं नाही, सरळ उठायचं. मी म्हटलं, पोटात गोळा मला रोज येतो, तो गॅसचा असतो. पण खरं सांगते वन्सं, नियम मला पटले. विहिरीत उतरणारा कमरेला दोर बांधतो, म्हणून त्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

चिरंजीवाचं मात्र एकच. काही वेडंवाकडं निघालं, तर फोन कपाटात जाईल आणि मी भिंतीशी बोलत विणेन. मी त्याला म्हटलं, मी जाणार. तू दोर धर हवा तर, पण मी उतरणार.

आता ओळखीची खूण हवी. ती मी काढली. एकाच नमुन्याच्या हातमोज्यांची जोडी, राखाडी लोकर, पाठीवर पिवळं फूल. डावा मी विणायचा, उजवा तिनं. भेटलो की जोडी लावून बघायची. लोकर सारखी, नमुना सारखा, मग माणूस तेच. नमुना मी तिला रोज थोडा थोडा व्हॉइस मेसेजमधून सांगितला. नातीलासुद्धा ही युक्ती आवडली, आणि तिला माझं काही आवडतं हे वर्षातून एकदाच घडतं.

ठरलेल्या दिवशी भर दुपारी आम्ही बाजारातल्या बेकरीत गेलो. नात माझ्या शेजारी. चिरंजीव अनोळखी असल्यासारखा खांबाजवळच्या टेबलावर, वर्तमानपत्र घेऊन. काही गडबड वाटली तर नातीनं चमचा पाडायचा आणि त्यानं धावायचं, असं ठरलेलं. त्याच्या पलीकडे एक आडदांड माणूस बसला होता. त्याच्याही हातात वर्तमानपत्र. दोघंही पान उलटेनात आणि दोघंही एकमेकांकडे बघेनात, म्हणजे इतके बघेनात की बेकरीवाल्याला संशय येऊन त्यानं गल्ल्याला कुलूप घातलं.

लोकरमावशी आली. ठेंगणी, गोल, आणि चालताना माझ्याच गुडघ्याचा आवाज. मी पिशवीतून माझा मोजा काढला, तिनं तिचा काढला. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. लोकर तीच. फूल तेच. आणि दोन्ही डावे!

नात पांढरीफटक. "आजी, उजवा ठरला होता! ही ती नव्हे!" म्हणाली आणि तिनं चमचा पाडला. चिरंजीव उठला. त्याच क्षणी तो आडदांडही उठला, कारण तो लोकरमावशीचा जावई होता, पोहायला शिकवणारा, आणि त्यांचंही ठरलेलं होतं, की काही पडलं की धावायचं. दोघांनी एकमेकांची कॉलर धरली. एक म्हणतो, "माझ्या आईला फसवतोस?" दुसरा म्हणतो, "माझ्या सासूला उचलायला आलास?" क्रीमरोलचा ट्रे खाली. बेकरीवाला लाटणं घेऊन मध्ये, पण मारायचं कुणाला हे त्याला ठरवता येईना.

आम्ही दोघी बसलेल्याच. (दोघींना उठायला वेळ लागतो.) लोकरमावशी शांतपणे म्हणाली, "तूच तर सांगितलंस, तळवा आपल्याकडे आणि अंगठा डावीकडे." मी म्हटलं, "मी? शक्य नाही." ती म्हणाली, "लाव मेसेज." नातीनं भर बेकरीत मेसेज लावला. माझाच आवाज, खणखणीत: "अंगठा डावीकडे घे बाई, आणि जरा थांब, सूनबाईनं चहा आणलाय, म्हणजे गरम पाणीच आहे, पण तोंडावर छान म्हणावं लागतं." वन्सं, मी माझ्या हातातल्या डाव्या मोज्याकडे बघून सांगत गेले होते आणि तिला उलटं कर म्हणायचं विसरले होते. माझा मुलगा त्या जावयाची कॉलर धरून उभा होता, तो तशीच धरून म्हणाला, "आई, तू चहाला असं म्हणतेस?"

मग मी नातीला म्हटलं, नीट बघ. कुणी लबाड असती तर ठरल्याप्रमाणे उजवाच घेऊन आली असती. डावा आणायला वर्षभर माझं बोलणं मन लावून ऐकावं लागतं. आणि चमचा पाडलास ते बरोबरच केलंस, पुढच्या वेळीही पाड. फक्त ट्रेपासून लांब बस. त्यावर जावयानं कॉलर सोडवून घेतली आणि चिरंजीवाला चहा पाजला. बेकरीचा चहा सूनबाईच्या चहासारखाच होता, पण आता बोलायची सोय नव्हती. आता आम्ही दोघी एकेक उजवा विणतोय. फोन कपाटाबाहेर आहे. सूनबाई मात्र मला सकाळ-संध्याकाळ इतका कडक चहा देते, की चमचा उभा राहतो.

बाकी क्षेम. प्रकृतीला जपा, आणि रागावू नका. कशावर, ते खाली आहे.

तुमची,
अंगठा उमटवणारी भावजय

ता. क. परवा तुमचा एक व्हॉइस मेसेज चुकून माझ्याकडे आला. "कप्तानसाहेब, मी पुढच्या शुक्रवारी तुमच्या तळ्याकाठच्या बंगल्यावर येते, जांभळी शाल घेते, आणि तुम्ही म्हणालात म्हणून घरी कुणालाच सांगितलेलं नाही." (नात लिहिता लिहिता माझ्याकडे बघतेय. तिलाही आत्ताच कळलं. तुमच्या मुलाला मी सांगितलेलं नाही, सांगायला लावू नका.) वन्सं, या वयात कुणाशी दोन शब्द बोलावेसे वाटले यात लाज कसली? मीही बोलतेच की. पण ज्याला आपल्या माणसांची अडचण होते, तो माणूस आपला नव्हे. शुक्रवारी तुम्ही त्याच्या तळ्याकाठच्या बंगल्यावर जायचं नाही. त्याला कळवा, की रविवारी दुपारी तुमच्या घराजवळच्या बेकरीत या. खरा असेल तर येईल. आम्ही आदल्या दिवशीच पोचतोय. मी, नात, चिरंजीव आणि तो पोहायला शिकवणारा. त्याला मी विचारलंय, तो उत्साहात आहे. तरी शुक्रवारीच निघालात, तर मी गुरुवारी येऊन दारात आडवी पडेन, आणि मला उठवणं किती अवघड आहे ते वर लिहिलंय.

ता. क. दुसरं. जांभळी शाल जरूर घ्या, तुम्हाला शोभते.

ता. क. शेवटचं. पाकीट जाड लागेल. आत माझा डावा मोजा आहे. रविवारी कप्तानाला तो उजव्या हातात घालायला द्या आणि "तुमच्यासाठी विणला" म्हणा. फूल तळव्यावर येईल. "अहो, हा उलटा आहे" म्हणाला, तर आम्ही टेबलाशी येऊन त्याच्याबरोबर चहा घेऊ. "वा, अगदी मापाचा!" म्हणाला, तर वन्सं, तुम्ही फक्त चमचा पाडा.