एकनिष्ठ ब्राउझर

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. कॉलेज अर्ध्यात सोडल्याचा फायदा असा, की आता लिहिलेलं कोणी तपासणार नाही.
नोकरीचा दुसरा आठवडा. कंपनी हॉस्पिटलचे पलंग आणि व्हीलचेअर भाड्याने देते. मी कॉम्प्युटर सपोर्टला. भाऊजींनी शब्द टाकून लावली. ताई म्हणाली, ही घालवलीस तर परत फर्स्ट इयरला बसवीन, पोरं काका म्हणतील. घाबरलो नाही. दोन ग्लास पाणी प्यायलो, एवढंच.
आमच्या साहेबांना सगळे रीस्टार्ट म्हणतात. कुठल्याही तक्रारीवर त्यांचा तोच उपाय. त्यांनी बजावलं, स्टॉकचा प्रोग्रॅम फक्त जुन्या ब्राउझरमध्ये चालतो, पण ऑफिसचं चॅट नव्यात उघडायचं. दोन-दोन ब्राउझर! माणसाने एकनिष्ठ असावं. मी दोन्ही जुन्यातच उघडतो. वर पिवळी पट्टी येते, की या ब्राउझरमध्ये चॅट नीट चालणार नाही. फुली मारतो, जाते.
पट्ट्यांना कोण भितो?

५ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावर, डिस्पॅचमध्ये बसणाऱ्या मुलीचा प्रिंटर दुरुस्त केला. (बंद होता. चालू केला.) म्हणाली, बरं झालं आलात, वाचले! वाचले म्हणाली. जीव वाचवला की जबाबदारी आलीच. चॅटवर खासगी मेसेज टाकला: काहीही लागलं तर मी आहे. मेसेजशेजारी छोटंसं घड्याळ आलं.
म्हणजे ती विचार करतेय.

१० फेब्रुवारी
उत्तर नाही. जिन्यात भेटली, हसली, वर लेबलचा रोल संपल्याचं सांगितलं. चारचौघांत काय बोलणार बिचारी. पण ग्रुपवर सगळ्यांना गुड मॉर्निंग आणि मला खासगीत मौन? डोकं फिरलं. तीन कडक मेसेज टाकले. मग माफीचे चार. सगळ्यांना घड्याळं.

१३ फेब्रुवारी, दुपार
धीर करून सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं: होकार असेल तर काहीच बोलू नका.
संध्याकाळ
काहीच बोलली नाही!! एक अक्षर नाही!
घरी जाहीर केलं, जवळजवळ ठरलंय. भाऊजींनी टीव्हीचा आवाज बंद केला. ताईने विचारलं, मुलीला माहितीय का? टोमणे मारल्याशिवाय तिला अन्न पचत नाही.

१७ फेब्रुवारी
ठरलेली मुलगी डिलिव्हरीच्या ड्रायव्हरबरोबर एका डब्यात जेवते! हे कुठलं वागणं? तडक लिहिलं. ड्रायव्हरचं तोंड वांग्यासारखं आहे हे लिहिलं. रीस्टार्ट खुर्चीत झोपतो आणि म्हशीसारखा घोरतो, त्याच्या हाताखाली मी फक्त तुमच्यासाठी टिकलोय, हेही लिहिलं.
मग शंका आली. बिघाड तिच्या ब्राउझरमध्ये तर नसेल? मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटला. म्हटलं, स्टॉकचा प्रोग्रॅम बदला, जुना ब्राउझर सगळ्यांचा काढा, नाहीतर राजीनामा देतो! रीस्टार्ट म्हणाले, बरं. पुढच्या सोमवारी मी स्वतः बसून करतो.
जिंकलो.

२० फेब्रुवारी
मेलो.
चहा पिताना रीस्टार्टनी सहज सांगितलं, की जुन्या ब्राउझरमधून ग्रुपवरचे मेसेज जातात, खासगी जात नाहीत. घड्याळ लावून आत पडून राहतात. नव्यात चॅट उघडलं की तो जुन्यातलं सगळं उचलतो आणि अडकलेलं एकदम पाठवून देतो. म्हणून तर नव्यात उघड म्हटलं होतं बाबा. तुझं काही अडकलंय का?
म्हटलं, छे छे. चहा अर्धाच टाकून उठलो.
म्हणजे ती गप्प नव्हती. तिला काही कळलंच नव्हतं. आणि म्हैस सोमवारी खालच्या मजल्यावर पोचणार.

२१ फेब्रुवारी
अडकलेले मेसेज पुसायला गेलो तर पुसायचं बटणच मेलेलं. चॅटवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन केला. बाई म्हणाल्या, नव्या ब्राउझरमध्ये उघडा, मग पुसता येतील. ओरडलो, उघडले की जातील ना हो! त्या म्हणाल्या, सर, कॉल रेकॉर्ड होतोय.
रीस्टार्टना सांगितलं, नव्या ब्राउझरमुळे स्टॉकला धोका आहे, महिनाभर थांबू. ते म्हणाले, राजीनामा देणारा तूच ना रे?
पाण्याची बाटली उघडून कॉम्प्युटरशेजारी बसलो. धक्का लागू शकतो कोणाचाही. लागला नाही. मशीन माझ्या नावावर आहे, भरपाई मलाच.

२४ फेब्रुवारी, सोमवार
ताप आल्याचं सांगितलं. ताईने कपाळाला हात लावला, म्हणाली, थंडगार आहेस, ऊठ.
रीस्टार्ट माझ्या खुर्चीत. मी मागे, त्यांच्या खुर्चीची पाठ धरून. ते म्हणाले, खुर्ची हलवू नकोस. क्लिक. खालून टिंग. टिंग टिंग. मग मोजता येईना. डिस्पॅचमधून कोणीतरी ओरडलं, अगं, लग्नबिग्न ठरलं की काय तुझं! काचेतून खाली पाहिलं. ती वाचत होती. वांगं तिच्या खांद्यावरून वाचत होतं.
सर्व्हरच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. दात वाजत होते. एसी फार आहे तिथे.
ठरवलं. उद्या सरळ समोर जायचं आणि मर्दासारखं सांगायचं की माझं अकाउंट हॅक झालं.

२५ फेब्रुवारी
जायची वेळच आली नाही. सकाळी सपोर्टला तिची तक्रार आली: सपोर्टच्या दादांच्या अकाउंटवरून जुने-जुने मेसेज एकदम आले, दुसऱ्या कोणासाठी असावेत, मी अर्ध्यातच वाचायचे सोडले, तरी चॅट एकदा तपासून घ्यावं.
दादा.
रीस्टार्टनी ती तक्रार माझ्याकडेच ढकलली. म्हणाले, म्हशीपर्यंत मी वाचलंय, आता कारण लिही आणि जेवायच्या आत बंद कर. लिहिलं: ब्राउझर जुना होता, बदलला, पुन्हा होणार नाही.
तक्रार पूर्ण सुटली का, असं सिस्टीमने तिला आपोआप विचारलं.
हो, म्हणाली. लगेच.